रक्ताचा रिपोर्ट आणि जनावराचं वय: सीलपासून कालवडीपर्यंत

प्रश्न शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकणाऱ्या, मूळच्या जत तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचा आहे. मोकळ्या समुद्रातल्या सील या सस्तन प्राण्याच्या रक्तातले घटक वयानुसार कसे बदलतात, हा विषय तिला सेमिनारला मिळालाय. नेमका त्याच सुमारास घरच्या पाच महिन्यांच्या कालवडीचा रिपोर्ट आला. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम २९०, त्याच्यापुढे वर जाणारा बाण. फॉस्फरस ४.६, बाण नाही. एएसटी, जीजीटी, बिलिरुबिन हे लिव्हरकडे बोट दाखवणारे आकडे सरळ, कॅल्शियमही ठीक. वडील विचारतायत, लिव्हरचं टॉनिक चालू करू का? आणि तिला विचारायचंय, की सीलच्या पिल्लांतही हे एन्झाइम चढलेलं असतं असं वाचलं, तर दोन्हीकडे कारण एकच का, आणि वय वाढत जातं तसं रक्तात आणखी काय काय हलतं?

वडिलांना आधी सांग, टॉनिकवर पैसे घालू नका. या आकड्यांवरून कालवडीच्या लिव्हरला काही झालेलं दिसत नाही. त्या कागदावर मला खटकतोय तो बाण नसलेला फॉस्फरस. त्याच्याकडे शेवटी येतो, कारण तो का खटकला हे सीलची गोष्ट कळल्यावर आपोआप कळेल.

सीलचं रक्त मी कधी काढलेलं नाही, हे सांगून टाकतो. आपल्या किनाऱ्यावर सील नाहीतच. माझं आयुष्य गेलं सांगलीत बसून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांची रक्तं तपासण्यात. सीलबद्दल जे सांगतोय ते वाचलेलं आहे, वासरांबद्दलचं हाताखालून गेलेलं. पण हाड वाढताना रक्तात काय सांडतं, हे अंटार्क्टिकात एक आणि आटपाडीत दुसरं असं नसतं.

आता अल्कलाइन फॉस्फेटेज. हे लिव्हरचं एन्झाइम म्हणून पाठ करून घेतात आणि तिथंच घोळ होतो. ते लिव्हरमध्ये आहे, आतड्यात आहे, वारेत (प्लॅसेंटात) आहे आणि हाड बांधणाऱ्या पेशींवर भरपूर आहे. हाडात चुना बसायला अडवणारं पायरोफॉस्फेट नावाचं रसायन असतं, ते तोडायचं काम हे एन्झाइम करतं. म्हणजे जिथं हाड जोरात बांधलं जातंय तिथं ते जास्त, आणि त्यातलं थोडं रक्तात येणारच. सीलच्या पिल्लात हा आकडा चढलेला असतो, वर्षभराच्या जनावरात उतरायला लागतो, पूर्ण वाढलेल्यात बराच खाली बसतो. हार्बर सील घे, एलिफंट सील घे, नाहीतर आपली खिलार कालवड घे, उतार तोच. प्रत्यक्ष आकडे जातीगणिक आणि मशीनगणिक वेगळे येतात, म्हणून एका जातीचा आकडा दुसरीला लावायचा नाही, पण दिशा बदलत नाही.

फॉस्फरस याच्याच सोबतीनं चालतो. वाढीच्या वयात ग्रोथ हार्मोनच्या हुकमानं किडनी फॉस्फरस लघवीत जाऊ देत नाही, राखून ठेवते, कारण हाडाला तो लागणार असतो. म्हणून पिल्लात जास्त, मोठ्यात कमी. कॅल्शियमही पिल्लात किंचित वर दिसतं, पण त्यावर शरीराचा पहारा इतका कडक असतो की वयाचा फरक त्यात फारसा उठून दिसत नाही. सेमिनारमध्ये कॅल्शियमवर वेळ घालवू नकोस.

मात्र सीलच्या बाबतीत एक फरक सांगायलाच हवा. वजन वाढणं म्हणजे हाड वाढणं नव्हे. हुडेड सीलचं पिल्लू अवघे चार दिवस दूध पितं. त्या दुधात सुमारे ६० टक्के फॅट असते, आणि त्या चार दिवसांत पिल्लू साधारण २२ किलोवरून ४५ किलोच्या आसपास जातं. आपल्याकडं डेअरीवर म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली तर माणूस खूश होऊन घरी येतो! पण हे वाढलेलं वजन बहुतेक सगळं कातडीखालच्या चरबीचं. हाडं त्यांच्या गतीनंच वाढतात. म्हणून सीलमध्ये नुसतं वजन बघून 'पिल्लू मोठं झालं, आता आकडे मोठ्यांसारखे यायला हवेत' असं म्हणता येत नाही.

याच दुधामुळं दुसरी गंमत होते. दूध पिणाऱ्या पिल्लाचं रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वरचा भाग, म्हणजे सीरम, पारदर्शक पिवळसर यायचा, तो चक्क दुधाळ येतो. ट्रायग्लिसराइड भरपूर, कोलेस्टेरॉलही मोठ्या सीलपेक्षा जास्त. हा आजार नाही, जेवण आहे. पण मशीनला ते कळत नाही. आपली बहुतेक मशीनं प्रकाश किती अडला यावरून आकडा काढतात. सीरम गढूळ असलं की प्रकाश चरबीनंही अडतो आणि दुसऱ्याच कुठल्यातरी घटकाचा आकडा खोटा चढतो किंवा खोटा उतरतो. म्हणजे 'वयामुळं बदल' म्हणून जो लिहिला गेला, त्यातला काही भाग पिल्लाच्या पोटातल्या दुधानं केलेला असू शकतो. सीलवरचा कुठलाही पेपर वाचताना सीरम गढूळ होतं का आणि त्याचं काय केलं, हे पद्धतीच्या भागात शोध. सापडलं नाही तर त्या पेपरातल्या पिल्लांच्या आकड्यांवर फार भार टाकू नकोस.

ग्लुकोजही पिल्लांत मोठ्यांपेक्षा साधारणपणे जास्त असतं. यात खरं आश्चर्य असं की सीलच्या आहारात साखर-पिष्ट जवळजवळ नसतंच. मासे खाणारा प्राणी, तरी रक्तातलं ग्लुकोज वरच्या बाजूला राहतं, कारण लिव्हर ते सतत बनवत असतं. उपास सुरू असतानाही बनवतं. पण ग्लुकोजच्या आकड्यात धरपकडीची भीती मिसळलेली असते. जाळ्यात अडकलेलं जनावर घाबरतं, साखर चढते, स्नायू झटापटीत दुखावतात आणि त्यांतून सांडणारी सीके, एएसटी ही एन्झाइम्स वर जातात. आटपाडीच्या बाजारात उतरवलेल्या खोंडाचं रक्त लगेच घेतलं तर हेच होतं. मोठं, ताकदवान सील जास्त झटापट करतं. मग तो वयाचा फरक की झटापटीचा, हे वेगळं करणं सोपं नसतं.

आता उपास. एलिफंट सीलचं पिल्लू सुमारे चार आठवडे दूध पितं, मग आई त्याला किनाऱ्यावर सोडून समुद्रात निघून जाते. त्यानंतर दोन-अडीच महिने ते पिल्लू काहीच खात नाही. पोहायला शिकतं आणि साठवलेल्या चरबीवर जगतं. या काळात त्याचं युरिया (प्रथिनं मोडल्यावर उरणारा टाकाऊ घटक) खाली राहतं, कारण ऊर्जा चरबीतून येते आणि प्रथिनं शक्य तितकी जपली जातात. नंतर मासे खायला लागलं की युरिया चढतं, कारण आता आहारच प्रथिनांचा. आपण काय शिकलो? उपाशी जनावराचं युरिया चढतं. इथं उलटं. ते पुन्हा चढू लागलं आणि पिल्लू अजून खात नसेल, तर चरबी संपत आली, स्नायू जळायला लागले असं समजायचं. आता तूच बघ: दोन महिन्यांचं आणि चार महिन्यांचं पिल्लू यांच्या युरियातला फरक 'वयाचा' म्हणायचा की ताटाचा? माझ्या मते सीलच्या पहिल्या वर्षात महिने मोजण्यापेक्षा टप्पा विचारावा: दूध पितंय, उपाशी आहे की स्वतः शिकार करतंय.

हे आपल्या शेतकऱ्याला नव्यानं शिकवायला लागत नाही. खिलाराच्या बाजारात कुणी महिने विचारत नाही. आदत (दुधाचे दात असलेला), दुसा (दोन दात आलेला), चौसा (चार दात आलेला), जुळलेला (सगळे दात आलेला), एवढ्यावर व्यवहार होतो. दात हा टप्पा आहे, जन्मतारीख नव्हे, आणि शर्यतीच्या मैदानातही बैलांचे गट यावरच पडतात. प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर मात्र आपण 'गोवंश' एवढंच लिहून आदत आणि जुळलेला एकाच रांगेत उभे करतो.

क्रिएटिनिनचं थोडक्यात सांगतो. ते स्नायूंतून येतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून स्नायू भरतील तसं चढतं. पिल्लात कमी, मोठ्यात जास्त. वासरांत एक अपवाद: जन्मल्यावर पहिले एक-दोन दिवस ते उंच असतं, कारण गर्भातल्या पाण्याचा हिशेब अजून बाकी असतो. मग झपाट्यानं उतरतं आणि पुढं वाढीबरोबर हळूहळू चढतं.

प्रथिनांचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सीरममधली एकूण प्रथिनं वयाबरोबर वाढतात, आणि ती वाढ मुख्यतः ग्लोब्युलिनची असते. ग्लोब्युलिनमध्ये प्रतिपिंडं आली. जनावर जितकी वर्षं जगलं, जितके जंतू, जितके परजीवी त्यानं पाहिले, तितका त्याचा प्रतिपिंडांचा साठा वाढत जातो. सीलमध्ये हे स्पष्ट दिसतं, गाईत दिसतं, माणसातही दिसतं. जतच्या दुष्काळी माळावर गोचिडांशी झगडून म्हातारी झालेली गाय आणि आठवड्याचं वासरू यांची सीरम शेजारी ठेव, ग्लोब्युलिनवरूनच कुणाचं काय ते सांगता येईल.

सुरुवात मात्र दोघांची वेगळी. गाईच्या वारेतून प्रतिपिंडं वासराला मिळत नाहीत, सगळी मदार चिकावर. चीक वेळेत पोटात गेला का, हे वासराच्या सीरममधल्या एकूण प्रथिनांवरून रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबातून प्रकाश किती वळतो हे मोजणाऱ्या छोट्या उपकरणानं) कळतं. ते पाच ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास किंवा त्याखाली आलं तर चीक कमी पडला. सीलची वार मांसाहारी प्राण्यांच्या धाटणीची, त्यातून थोडी प्रतिपिंडं जन्माआधी जातात, बाकी दुधातून. त्यामुळं गाईचा पाचचा दंडक सीलला लावायचा नाही.

प्रतिपिंडांच्या या वयाचं मोठं उदाहरण उत्तर समुद्रात घडून गेलंय. १९८८ साली सीलच्या डिस्टेंपर विषाणूची साथ आली आणि युरोपच्या किनाऱ्यांवर सुमारे १८,००० हार्बर सील मेले. जे वाचले त्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं होती. नंतरच्या वर्षांत जन्मलेल्यांनी तो विषाणू पाहिलाच नव्हता. हळूहळू कळपात अशा न पाहिलेल्यांचीच संख्या जास्त झाली, आणि २००२ मध्ये तीच साथ पुन्हा आली, पुन्हा वीस हजारांवर मेले. रक्तात आठवण किती जुनी आहे हे माहीत असेल, तर कळप कुठं उघडा पडलाय हे आधी दिसतं. इथं वय म्हणजे नुसती वर्षं नाहीत, त्या वर्षांत काय पाहिलं ते.

याच्या शेजारी विषाचा हिशेबही ठेव. पीसीबी, डीडीटीसारखी चरबीत मुरणारी रसायनं नर सीलमध्ये वयाबरोबर साठत जातात. मादीत मात्र तो साठा दर वेताला दुधावाटे पिल्लात उतरतो, आणि पहिल्या वेताच्या पिल्लाला त्यातला मोठा वाटा मिळतो. म्हणून वयाचा तक्ता करताना नर-मादी वेगळे केले नसतील, तर या घटकांपुरता तो तक्ता बिनकामाचा.

रक्तपेशींवर तुझा प्रश्न नव्हता, पण सीलचा विषय घेऊन त्या सोडल्या तर सेमिनारला कुणीतरी विचारेलच. सीलला पाण्याखाली श्वास रोखून राहायचं असतं. वेडेल सील तासाभराहून जास्त बुडी मारू शकतं. त्यासाठी ऑक्सिजन रक्तात आणि स्नायूंत साठवायला लागतो. एलिफंट सीलमध्ये किलोमागं रक्तच माणसाच्या सुमारे तिप्पट. हिमोग्लोबिन २० ग्रॅमच्या आसपास, जिथं आपल्या गाईत ते आठ ते पंधराच्या दरम्यान असतं. आणि एकेक लाल पेशी गाईच्या पेशीपेक्षा दुपटीहून मोठी.

ही तयारी पिल्लू जन्मतःच घेऊन येत नाही. दूध पिण्याच्या काळात शरीर आणि प्लाझ्मा इतक्या वेगानं वाढतात की लाल पेशींची निर्मिती मागं पडते, आणि रक्त काही काळ पातळ दिसतं. दूध सुटल्यावर ते पुन्हा भरून येतं. रक्तातला साठा तुलनेनं लवकर मोठ्यांच्या पातळीला पोचतो, स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणारं मायोग्लोबिन मात्र बरंच मागून येतं. म्हणून रक्ताचा रिपोर्ट 'तयार' म्हणत असला तरी ते पिल्लू आईइतकी खोल बुडी मारू शकत नाही. शिवाय सीलची प्लीहा लाल पेशींची कोठी असते. बुडी मारताना ती आकसून पेशी रक्तात सोडते, भूल दिली की पेशी परत कोठीत जातात. त्यामुळं एकाच सीलचा एकाच दिवशी घेतलेला हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण), भुलीत आणि जागेपणी, दोन वेगळे आकडे देतो. वयाचा फरक शोधताना एका गटाला भूल दिली आणि दुसऱ्याला नाही, तर सगळा खेळ बिघडला.

म्हातारपणाबद्दल मी जरा सावध बोलतो. म्हाताऱ्या सीलचे नमुने थोडे असतात, आणि जे असतात ते कुणाचे? जे जगले त्यांचे. ज्याची किडनी दहाव्या वर्षी बिघडली ते सील समुद्रात कधीच संपलं, ते विसाव्या वर्षाच्या गटात येणारच नाही. म्हणून एकाच वेळी लहान-मोठी जनावरं पकडून केलेल्या तुलनेत म्हातारे फसवे निरोगी दिसतात. खरं चित्र हवं असेल तर तेच जनावर वर्षानुवर्षं परत पकडायला हवं. अंटार्क्टिकात एरेबस उपसागरातल्या वेडेल सीलवर १९६८ पासून असं काम चालू आहे: पिल्लू जन्मलं की त्याच्या पायाच्या वल्ह्याला टॅग लावतात, मग ते पुढं केव्हाही भेटलं तरी वय पक्कं माहीत असतं. जिथं टॅग नाही तिथं एक छोटा दात काढून, त्याच्या मुळावर वर्षाला एक थर बसतो ते थर मोजतात. दोन्हीही नसेल आणि वय नुसत्या लांबीवरून ठरवलं असेल, तर 'मोठा' हा एकच डबा होतो. त्यात सहा वर्षांचंही आलं आणि पंचवीस वर्षांचंही. मग म्हातारपणी काय बदलतं याचं उत्तर त्या डब्यात सापडणार नाही.

आता बाणाकडे. रिपोर्टवर जी 'नॉर्मल' मर्यादा छापलेली असते ती निरोगी जनावरांच्या मधल्या ९५ टक्क्यांची असते. म्हणजे पाच टक्के निरोगी जनावरं बाहेर पडणारच. एका रिपोर्टवर वीस वेगवेगळ्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी जनावरालाही कुठंतरी एक बाण लागण्याची शक्यता ६४ टक्के. हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखव, पोरं शांत होतील. आणि अशी मर्यादा नीट बसवायला किमान १२० निरोगी जनावरं लागतात असा दंडक आहे. मोकळ्या समुद्रात एका टप्प्याची १२० निरोगी सील पकडणं किती अवघड, याचा विचार कर. म्हणून बऱ्याचदा सगळी वयं एकत्र ओतून मर्यादा काढली जाते, आणि तिथून पिल्लाचं नुकसान सुरू होतं.

नुकसान बाण लागण्यात नाही. बाण लागला की माणूस निदान बघतो, विचारतो, तुझ्या वडिलांसारखा. नुकसान न लागलेल्या बाणात आहे. वाढीच्या भरातल्या पिल्लाचं अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्याइतकंच आलं, तर रिपोर्ट म्हणणार 'नॉर्मल', आणि खरं तर त्याची वाढ थांबलेली असू शकते. डॉल्फिन सांभाळणाऱ्या पशुवैद्यांना हे चांगलं माहीत आहे: तिथं हे एन्झाइम घसरलं की ते चढल्यापेक्षा जास्त काळजी करतात. पिल्लाचं क्रिएटिनिन मोठ्याइतकं आलं, तर किडनी तपासायला हवी. आठवड्याच्या पिल्लाचं ग्लोब्युलिन मोठ्याइतकं आलं, तर त्याच्या अंगात काहीतरी धुमसतंय का ते पाहायला हवं. यातल्या एकालाही बाण लागत नाही.

तुझ्या कालवडीचा ४.६ फॉस्फरस तसाच आहे. मोठ्या गाईला हा आकडा चालतो. पाच महिन्यांच्या वाढत्या कालवडीत मी सहा ते आठच्या दरम्यान अपेक्षा धरतो. तिचं अल्कलाइन फॉस्फेटेज २९० हे त्या वयाला शोभणारंच. त्याला बाण लागला याचं कारण बहुधा असं, की रिपोर्ट माणसांच्या लॅबमधून आलाय आणि मर्यादा माणसाच्या प्रौढ वयाची छापलीय. तालुक्याच्या गावी हे सर्रास होतं, आणि त्यात लॅबवाल्याचा दोष मी धरत नाही. जनावराच्या वेगळ्या मर्यादा त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नसतातच. तू कागदावरची मर्यादा बोटानं झाकून नुसता आकडा वाचायची सवय लाव.

फॉस्फरस खरंच कमी आहे का, हे आधी पक्कं कर. नमुना कसा गेला होता? लाल पेशी फुटल्या किंवा रक्त उन्हात तासन्‌तास सीरम वेगळं न करता राहिलं, तर पेशींमधला फॉस्फरस बाहेर येऊन आकडा खोटा चढतो. म्हणजे नमुना एसटीनं पिशवीतून उन्हात गेला असेल, तर खरा आकडा ४.६ पेक्षाही कमी असेल. दुसरी गफलत नळीची. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त कमी पडलं म्हणून लाल झाकणाच्या नळीत ओतणारे महाभाग मी पाहिलेत. जांभळ्या नळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) कॅल्शियम बांधून टाकतं आणि अल्कलाइन फॉस्फेटेजला लागणारं झिंक, मॅग्नेशियमही. मग कॅल्शियम आणि हे एन्झाइम दोन्ही जमिनीवर येतात आणि पोटॅशियम आभाळाला भिडतं. तुझ्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम ठीक आणि एन्झाइम २९० आहे, म्हणजे ही चूक झालेली नाही.

नमुना व्यवस्थित गेला असेल तर चारा बघ. जतकडं अलीकडं पाणी आलंय तिथं ऊस आलाय, आणि ऊस आला की गोठ्यात वाढं (उसाचे हिरवे शेंडे) आलं. नुसत्या वाढ्यावर कालवड ठेवली तर फॉस्फरस कमी पडतो, आणि वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमही बांधून ठेवतं. ज्वारीचा कडबाही फॉस्फरसला फार उदार नाही. कालवड माती चाटते का, दावं-गोणपाट चघळते का, पायाची गाठ सुजलीय का, उठताना अडखळते का, हे घरी बघता येतं. ते असेल तर मुडदुसाची सुरुवात धरायची. आणि मुडदुसात अल्कलाइन फॉस्फेटेज आणखी चढतं, म्हणून २९० चा आकडा लिहून ठेव. महिनाभरानं तो ५००-६०० झाला तर तो वाढीचा आनंद नव्हे.

गावच्या दुकानात कॅल्शियमची मोठी बाटली आधी पुढं करतात. ती आणू नका. फॉस्फरस कमी असताना नुसतं कॅल्शियम घातलं तर दोघांचं प्रमाण आणखी बिघडतं. दोन्ही असलेलं चांगलं मिनरल मिक्श्चर, थोडी पेंड किंवा गव्हाचा कोंडा (कोंड्यात फॉस्फरस चांगला असतो), आणि कालवड सकाळी उन्हात बांधा. किती द्यायचं ते तुमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कालवड बघून ठरवावं. महिन्यानं पुन्हा रक्त घ्या, त्याच वेळी, त्याच लॅबला, उपाशीपोटी नको आणि पिऊन झाल्या-झाल्याही नको. शक्य असेल तर गोठ्यातल्या तिच्याच वयाच्या दुसऱ्या धडधाकट कालवडीचंही रक्त सोबत पाठवा. छापील मर्यादेपेक्षा ती शेजारीण जास्त खरं सांगते.

सेमिनारसाठी एक तक्ता कर, पण वर महिने आणि वर्षं लिहू नकोस. रकाने कर: दूध पिणारं, दूध सुटून उपाशी असलेलं, पहिल्या वर्षात शिकार करणारं, वयात न आलेलं, वयात आलेला नर, गाभण मादी, दूध पाजणारी मादी, कात टाकत असलेलं. कात टाकतानाही सील बराच काळ किनाऱ्यावर पडून राहतात, खाणं कमी होतं किंवा थांबतं, त्यामुळं तोही वेगळा टप्पाच. प्रत्येक रकान्यात नमुने किती होते आणि भूल दिली होती का, हे खाली लिही. काही रकाने रिकामे राहतील. ते तसेच ठेव, सरासरी काढून भरू नकोस. तुझ्या गाईडनी विचारलं की हे रिकामे का, तर तिथून चर्चा सुरू होऊ दे.